अर्धं माप

“आधी पाय टाक, मग बाकीची तू ये,” मी म्हणालो.

“बाकीची म्हणजे केवढी, दिसतंय ना? पाणी बाहेर सांडलं तर पुसणार कोण?” ताई कठडा धरून उभी होती. अंगात माझ्या भाचीचा, म्हणजे तिच्या लेकीचा, जुना गाऊन.

“मीच पुसणार. बावीस वर्षं दुसरं काय करतोय?”

क्लबातल्या गरम पाण्याच्या टबाची देखभाल माझ्याकडे आहे. म्हणजे होती. मोठमोठे सभासद त्यात बसून पाठ शेकून घ्यायचे आणि आपला घाम, तेल, अत्तर सगळं माझ्यासाठी ठेवून जायचे. दर सोमवारी टब बंद. त्या सोमवारी फाटकावरच्या रखवालदाराला चहा पाजून मी ताईला आत आणलं. नियमात बसत नव्हतं. पण चार वर्षं तिचे गुडघे तिला धड जिना चढू देत नव्हते, आणि मी दुसऱ्यांच्या पाठी शेकत बसलो होतो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं ते ताईनं, तीही तेव्हा चौदाचीच होती.

ती पाण्यात बसली. मी बटण दाबलं. नळ्यांमधून फवारे सुटले, पाणी खळखळायला लागलं, वर वाफेचं धुकं जमलं. ताई जी गप्प झाली ती पाच मिनिटं बोलली नाही. आमच्या ताईच्या बाबतीत हा विक्रमच.

“अरे, गुडघे आहेत की कुणी काढून नेले?” ती शेवटी म्हणाली. “आणि वास कसा नाही रे? मला वाटलं, ठसका लागेल.”

वास नव्हता, कारण मी तशी तजवीज केली होती. हे नीट सांगतो, कारण सगळं यातच आहे. ताईला क्लोरीनचा वास सोसत नाही, धाप लागते. म्हणून रविवारी सभासद गेल्यावर मी टब रिकामा केला आणि ताजं पाणी भरलं. पण टब रिकामा करायच्या आधी कडक औषध घालून ते तासभर नळ्यांमधून फिरवायचं असतं. गरम नळ्यांना आतून बुळबुळीत थर धरतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि जंतू तिथंच मुक्कामाला असतात, फवारे सुटले की वाफेबरोबर थेट छातीत उतरतात. ते मी केलं नाही. कडक औषधाचा वास दोन दिवस जात नाही. ताज्या पाण्यातही क्लोरीन टाकलं ते अर्धं माप. सोमवारी सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीची गोळी टाकली. पाणी चांगलं गुलाबी व्हायला हवं. झालं ते नावापुरतं. ते अर्धं माप त्या थरानं कधीच खाऊन टाकलं होतं. टबाकडे पाहिलं तर तळाची फरशी न् फरशी मोजता येत होती. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे, उद्या दुप्पट टाकू.

पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून टबात उतरणाऱ्या लोकांना मी बावीस वर्षं झापत आलो. “साहेब, पाण्याच्या तोंडाकडे बघू नका, गोळीच्या रंगाकडे बघा.” लोक मला खडूस म्हणायचे. खडूसपणा नेमका घरच्या माणसापाशी सोडला.

आठव्या दिवशी ताईला ताप भरला. दहाव्या दिवशी ती दवाखान्यात होती, नाकाला ऑक्सिजन. भावोजी आणि भाची औषधं आणायला खाली गेले होते. पलंगापाशी मी एकटा. डॉक्टरीणबाई आल्या, तरुण होत्या, पण प्रश्न अगदी नेमका विचारला.

“आजी, मधे कुठं बाहेर गेला होता? हॉटेल, तरणतलाव, गरम पाण्याचा टब, असं काही?”

ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान हलवली, नाही म्हणून. चादरीखाली तिनं माझा हात धरला आणि दाबला. गप्प बस, असा. लहानपणी शेजारचे तक्रार घेऊन आले की ती असाच दाबायची.

माझी नोकरी वाचवत होती. आणि मी ती वाचवू दिली. त्या बाईंनी असं का विचारलं ते त्या दवाखान्यात माझ्याइतकं कुणाला कळणार होतं? तरी गप्प बसलो. म्हटलं, नेहमीच्या औषधानं उतरेल ताप. दोन दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो.

तिसऱ्या दिवशी ताई मला ओळखेना. मग मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच औषध बदललं. “हे परवा कळायला हवं होतं,” एवढंच म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मॅनेजरलाही सांगितलं. त्यांनी टब बंद केला आणि मलाही. ताई त्यानंतर दीडच दिवस जगली.

घरी मात्र माझं तोंड उघडेना. आठवड्यानं ताईच्या घरी गेलो. भाची तिचे कपडे आवरत बसली होती.

“मामा, आईला शेवटचं बरं वाटलं ते तुझ्यामुळंच हं. त्या सोमवारी कुठं नेलं होतंस तिला? मला पत्ताच लागू दिला नाही. पण आली ती न थांबता जिना चढून आली.”

मी सांगितलं. औषध, नळ्या, अर्धं माप, चादरीखालचा हात, सगळं. भाचीच्या मांडीवर ताईचा स्वेटर होता, त्याची एक बाही ती घडी घालायची आणि परत उलगडायची.

“डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू तिथंच होतास?”

“हो.”

ती पुष्कळ वेळ रडली. मी पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही. मग नाक पुसून म्हणाली, “बाबांना नको सांगूस. ते तुला आयुष्यात दारात उभं करणार नाहीत. मी सांगेन कधीतरी, माझ्या पद्धतीनं.”

अगदी आईची लेक. तिच्या आडोशाला उभं राहणं मला जमलंही असतं, सहा वर्षांचा असल्यापासून मला दुसरं येतंय काय?

मी उठलो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. भावोजी पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, आठ दिवसांत दाढी केलेली नव्हती.

“भावोजी, जरा बोलायचं होतं.”

“ये ना, बाबा. उभा काय राहिलास?” ते म्हणाले. खोलीत खुर्ची नव्हती. त्यांनी शेजारची उशी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि ताईच्या जागेवर मला बसायला सांगितलं.