जोडलेली चिन्हं

"चिन्हं अजून सुटीसुटीच दिसतायत," नम्रता म्हणाली आणि तिने कोड लिहायचा एडिटर पुन्हा बंद करून उघडला.

समोरच्या टेबलावरून ऋषीने मान वर केली. तो टीमचा प्रमुख, तिच्याहून वीस वर्षांनी लहान. "मॅम, लग्नपत्रिका छापायचीय का? सकाळपासून फॉन्टच चाललाय."

"तुझीच छापते. आधी मुलगी तर बघ."

नवा लॅपटॉप कालच मिळाला होता. जुन्यावर तिने एक खास फॉन्ट बसवला होता. कोडमध्ये 'समान नाही' म्हणायला उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह एकापुढे एक टाइप करतात. हा फॉन्ट त्या दोघांच्या जागी काट मारलेलं एकच रुंद चिन्ह दाखवी. फाइलमध्ये दोन, डोळ्यांना एक. त्यासाठी एडिटरच्या स्टाइल फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या. तिने लिहिल्या होत्या. अक्षरांचं वळण बदललं, चिन्हं काही जुळली नाहीत.

"हौस ठीक आहे," ऋषी म्हणाला, "पण तीनला कोडचा रिव्ह्यू आहे. मागच्यासारखं नको."

मागच्या महिन्यात मोठ्या पडद्यावर कोड तपासताना तिच्या नजरेतून एक उद्गारचिन्ह निसटलं, आणि विमा चालू असलेल्यांनाच तो बंद झाल्याचे मेसेज गेले. पुन्हा असं झालं तर कोड तपासण्याचं काम काढून घेऊ, असं ऋषीने ईमेलवर सभ्य इंग्रजीत कळवलं होतं. उभी नोकरी तिने तेच काम केलं होतं. उजव्या डोळ्याच्या मधोमध आलेला धुरकट डाग तिने ऑफिसात कुणाला सांगितला नव्हता. धायरीहून स्कूटरऐवजी रिक्षाने यायला लागली, तेव्हाही 'ट्रॅफिक' एवढंच म्हणाली.

टीममधली नवी मुलगी अपूर्वा खुर्ची सरकवत आली. तिने त्या चार ओळी वाचल्या. "मॅम, चिन्हं जोडायच्या ओळीत या नावाआधी टिंब राहिलंय."

"दिलंय की!"

"नाही ना." तिने टिंब टाकलं. "हे बघा."

नम्रताने पडद्याला नाक लावलं. "कुठे?"

अपूर्वाने फाइल सेव्ह केली. सगळी चिन्हं एकदम जुळली. नम्रताने सुस्कारा सोडला. अपूर्वा मात्र पडद्याकडे नाही, तिच्या डोळ्यांकडे बघत होती.

तीन वाजता ऋषीने मोठ्या पडद्याला स्वतःचाच लॅपटॉप जोडला. तिथे सगळी चिन्हं सुटी. "ही अट बरोबर आहे ना, मॅम? हो म्हणा, पुढे जाऊ."

"माझ्या मशीनवर उघड."

"काय फरक पडतो? कोड तोच आहे."

"तुला पडत नाही. मला इथे उद्गारचिन्ह आहे की नाही, तेच कळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे डोळा गेलाय, ऋषी. उजवा. मराठीत सांगितलं, आणखी कशात सांगू?"

कुणी हसलं नाही. अपूर्वाने उठून केबल नम्रताच्या लॅपटॉपला लावली. नम्रताने ओळन् ओळ वाचली. ऋषीने एकदाही घाई केली नाही.

सोमवारपासून कोड तपासण्याऐवजी तिच्याकडे ग्राहकांसाठी माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम आलं. या खेपेला ऋषीने ते ईमेलवर कळवलं नाही. शेजारी बसून सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.

आठवडाभराने अपूर्वाने हाक मारली. "मॅम, एकदा नजर टाकता?"

"तपासणं आता माझं काम नाही, बाई."

"माहितीये."

अपूर्वाच्या पडद्यावर अक्षरं बोटभर मोठी केलेली होती, आणि सगळी चिन्हं जोडलेली. नम्रताने चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.