मेंबरांची झील

या, असे पुढे सरका. मागे उन्हात कशाला बसता? गोष्ट मोठी गोड आहे. संतांची नव्हे, असेंब्लीच्या मेंबरांची आहे. तरी ऐकून चुकून पुण्य लागलेच, तर घरी घेऊन जा.

बारामतीजवळच्या पिंपळीत मानसिंगराव नावाचे गृहस्थ होते. गळा असा, की देवळात तोंड उघडले तर पाटापलीकडची जनावरे कान टवकारत. कळंबचे रामहरीबुवा कीर्तनाला आले की मानसिंगराव टाळ घेऊन त्यांच्या मागे उभे राहत आणि झील ओढत. म्हणजे बुवांनी ओळ म्हणायची, यांनी तिचे शेपूट धरून लांबवायचे. बुवा म्हणत, “नाम घ्यावे,” की हे, “घ्यावेऽऽ!” स्वतःची ओळ त्यांच्यापाशी एकही नव्हती. पण आवाज इतका गोड, की ती हवी असे कोणाला वाटलेच नाही.

देवाने दिलेली ही देणगी त्यांनी वाया घालवली नाही. तालुका बोर्डात निवडून गेले आणि तिथे अध्यक्षांच्या मागे उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, “रस्ता इंदापूरकडून न्यावा,” हे म्हणाले, “न्यावा.” पुढच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “नको,” हे म्हणाले, “नको.” असा सुस्वभावी माणूस तालुक्यात किती दिवस कोंडून ठेवायचा? सदतीस साली लोकांनी त्यांना थेट मुंबईला, असेंब्लीत पाठवले.

तिथेही गुणांची कदर झाली. त्यांना पाण्याच्या कमिटीवर घेतले. पाटाचे साहेब म्हणाले, “पिंपळीच्या शेवटच्या चारीला उन्हाळ्यात पाणी नको.” सवयीने मेंबर म्हणाले, “नको.” झाले! मेंबरांनी आपल्याच गावच्या चारीवर पाणी सोडले. पाणी दिले असे समजू नका हं. दान करताना हातावरून सोडतात, तसे सोडले.

पाटातून शेतांकडे जाणाऱ्या त्या चारीच्या अगदी शेवटी भागूबाईचे वांग्याचे रान होते. नवरा गेलेला, घरात आंधळी सासू आणि दोन लेकरे. चौघांचे पोट त्या वांग्यांवर. चैत्र तापला, विहिरीने तळ दाखवला, तशी ती मेंबरांच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

“आबा, वांग्यांनी माना टाकल्या.”

“टाकल्या ना,” मेंबर हळहळले.

“आवं, पाणी पायजे!”

“पाहिजे, पाहिजे.”

“मग साहेबास्नी सांगा की!”

“सांगा की,” मेंबर म्हणाले आणि आत जेवायला गेले.

भागूबाई तशीच देवळात गेली. दुसऱ्या दिवशी रामनवमी, त्यामुळे रामहरीबुवा मुक्कामाला होते.

“बुवा, आबास्नी काय बी इचारून उपेग न्हाय. त्यास्नी म्हणाय लावा.”

“अगं, रामजन्माच्या कीर्तनात पाटाचं काय काम?”

“रामाचा जलम व्हईल दुपारी, पर माझं रान तवर मरंल त्याचं काय? का तुमच्या रामाला वांग्याचं वावडं हाय?”

बुवा हसले. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

रामनवमीला देऊळ भरले. पाटाचे साहेब पाहुणे म्हणून खुर्चीवर, मेंबर शेजारच्या गादीवर. बुवा म्हणाले, “मेंबरसाहेब, तुमच्यावाचून झील सुनी वाटते हो.” मेंबरांना मोह आवरेना. टाळ घेऊन उभे राहिले आणि डोळे मिटले. पाळणा रंगला, गुलाल उधळला, आणि त्याच चालीवर बुवांनी ओळ टाकली, “पिंपळीच्या चारीला आज पाणी सोडीन!”

“पाणी सोडीनऽऽ!” मेंबरांनी असा काही सूर लावला, की कळस हलावा.

बायकांतून भागूबाई ओरडली, “आबा, पुन्यांदा!”

“पाणी सोडीनऽऽ!”

सगळे देऊळ उठून गर्जू लागले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. असेंब्लीचा मेंबर सगळ्या गावासमोर, देवाच्या दारात, पाटाचे दार स्वतः उघडण्याची धमकी देतो आहे! ते खुर्चीवरून धडपडत उठले आणि हात जोडून म्हणाले, “मेंबरसाहेब, दंगा नको! मीच सोडतो!”

“मीच सोडतोऽऽ!” डोळे मिटलेलेच.

संध्याकाळच्या आत चारीला पाणी आले. भागूबाई वांग्याच्या सरीत पदर खोचून उभी होती आणि हातानेच माती सारून दारे धरत रडत होती. तिकडे मेंबरांना हार पडत होते. आपण नेमके काय केले, हे त्यांनी दोघातिघांना हळूच विचारले, असे म्हणतात. पण पुण्याच्या वर्तमानपत्रात ‘शेतकऱ्यांच्या कैवाऱ्याची सिंहगर्जना’ छापून आली, तेव्हा त्यांनाही ते पटले.

पुढे चारीच्या तोंडाशी दगड बसवला. त्यावर मेंबरांचे नाव आहे, साहेबांचे आहे, दगड घडवणाऱ्यानेही कोपऱ्यात आपले टाकून घेतले आहे. भागूबाईसाठी जागा उरली नाही. म्हणून मागणे एवढेच: देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिला विसरू नका.