पावसाचे दिवस वगळून

लॉर्नाबाईंचं डोकं सकाळपासून उठलं होतं. बावीस वर्षं लष्कराची वकिली करून ठेकेदारांच्या नाकी नऊ आणले, आणि आता वॉशिंग्टनजवळच्या अपील मंडळावर न्यायाधीश म्हणून त्याच ठेकेदारांची गाऱ्हाणी ऐकायची. तीही कशावरून, तर करारातल्या 'पावसाचे दिवस वगळून दहा दिवसांत' या एका ओळीवरून.

बराकीवर छप्पर घालायचं काम ओटिस प्रुइटचं. पाऊस थांबला तरी फळ्या ओल्या, म्हणून हा गडी आणखी तीन दिवस थांबला. ओल्यावर चिकटवलेलं छप्पर महिन्यात उखडतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण लष्कराने ते तीन दिवस मोजले, उशीर ठरवला आणि ठेका रद्द केला. तो शिक्का कायम राहिला तर प्रुइटला सरकारी काम पुन्हा मिळणार नव्हतं, आणि त्याने जन्मभर दुसरं काही केलंच नव्हतं.

सरकारी वकील ट्रेंट तासभर एकच दळण दळत होता. "मॅडम, पाऊस पडला तरच पावसाचा दिवस. पंचवीस वर्षं प्रत्येक करारात हीच ओळ जाते. कुणीतरी विचार करूनच लिहिली असेल ना. हा बघा मूळ मसुदा."

मसुद्याखाली लॉर्नाबाईंचीच सही होती. विचार कसला न् काय. शुक्रवारी जेवणाआधी फाइल हातावेगळी करायची म्हणून खरडलेली ओळ ती. नंतर कुणी धड वाचलीसुद्धा नाही, नुसते उतरवत गेले मेले.

त्यांनी चष्मा काढला. "ही ओळ माझी आहे. कुणाची हरकत असेल तर मी हा खटला सोडते."

ट्रेंटने मसुद्याखालची सही आता कुठे नीट पाहिली. प्रुइट मात्र खुर्चीत पुढे सरकला. "नका सोडू, मॅडम. दोन वर्षं ज्याला त्याला अर्थ विचारतोय. लिहिणारी आज सापडली. तुम्हीच सांगा, ओल्या छपराचा दिवस मोजायचा होता की नाही?"

लॉर्नाबाईंनी ओळ पुन्हा वाचली. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"मिस्टर प्रुइट, मला ठाऊक नाही. पाऊस थांबल्यावरही छप्पर ओलं राहतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

ट्रेंट खाली बसला. करारातल्या ओळीचे दोन अर्थ निघाले तर निकाल ती ओळ लिहिणाऱ्या पक्षाच्या, म्हणजे इथे लष्कराच्या, विरुद्ध जातो, हे त्यालाही पाठ होतं.