ब्लॉगवरचे वाटे

ब्लॉग हा शब्द मी पहिल्यांदा जयाच्या तोंडून ऐकला, २००८ च्या उन्हाळ्यात. सिंदेवाहीजवळच्या आमच्या तळ्याकाठच्या शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका होतो. मी रिटायर व्हायला आलेली, माझ्याकडे तिसरी-चौथी. ती आरमोरीची, तरुण, तिच्याकडे पहिली-दुसरी. तिची पायल रांगायला लागेपर्यंत माझ्याच वर्गात लुगड्याच्या झोळीत झोपायची. मुलं पाढे म्हणायची आणि कोणीतरी एक झोका द्यायचं. गाव मला बाई म्हणायचं आणि जयाला मॅडम.

"बाई, तुमी शिकवता तसं गणित कुठीच नाई," जया एकदा म्हणाली. "इंटरनेटवर टाकू. फुकटात होते."

"मले तं मोबाइलवरचा मेसेजबी पाहता येत नाई."

"मंग मी कायले हावो?"

ते गणित वाट्यांचं होतं. आमच्या गावात बहुतेक ढिवरांची घरं. सगळे मिळून तळ्यात जाळं ओढतात, मग पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, मासोळ्यांचे सारखे ढीग लावतात. एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. मग कोणाला मोठी मासोळी गेली म्हणून भांडण होत नाही. ढीग लावून ज्या चार मासोळ्या उरतात, त्या ज्या घरात माणूस आजारी असेल तिथे पोचवतात. पुस्तकातला भागाकार मुलांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी वर्गात चिंचोक्यांचे असेच वाटे घालायला लागले. आमची मंगली म्हणाली, "बाई, बाकी म्हंजे बिमार मानसाचा वाटा." त्यानंतर बाकी काढायला वर्गात कोणी चुकलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की जयाच्या स्कूटीवर मागे बसून मी सिंदेवाहीला अल्ताफच्या सायबर कॅफेत जायची. ब्लॉग जयाच्या ईमेलवरून काढला होता. माझा ईमेल नव्हता आणि वेगळा काढावा असं मनातही आलं नाही. आधी मी सांगायची आणि ती टाइप करायची. पुढे एका बोटाने मीच टाइप करायला शिकले. लाइट गेली की लिहिलेलं उडून जायचं.

"बाई, सेव करत जा ना," अल्ताफ म्हणायचा. "लाइट जाते, अन् शिव्या मले!"

प्रत्येक लेखाखाली मी नुसतं 'बाई' लिहायची. पूर्ण नाव लिहायचं सुचलंच नाही. गावात बाई म्हटलं की मीच.

नांदेडहून, सांगलीकडून शिक्षक उत्तरं लिहायला लागले. एकाने कळवलं, आम्ही बोरांचे वाटे घातले, मुलं खूश आहेत. इतकी वर्षं मी ज्या चार भिंतींत बोलत होते, त्यांच्या पलीकडे कोणीतरी ऐकत होतं. नोकरी संपल्यावर माझं असं काही मागे राहणार असेल तर ते हे लेखन, असं मला वाटू लागलं.

दिवाळीची सुट्टी आणि धानाची कापणी, यात माझं सिंदेवाहीला जाणं सुटलं. डिसेंबरात एक दिवस जया म्हणाली, "बाई, उद्या केंद्रावर मीटिंग हाय. तुमालेच बलावलं. शायेची फिकर नोका करू."

मी सिंदेवाहीला गेले तर केंद्राला कुलूप. पुढची गाडी येईपर्यंत काय करायचं, म्हणून अल्ताफकडे वळले.

"बाई! तुमी इथी काऊन?" तो खुर्चीतून उठलाच. "आज तं तुमच्या शायेत शूटिंग हाय ना? नागपूरची पार्टी आता इथूनच गेली."

"कायची शूटिंग?"

त्याने ब्लॉग उघडून दिला. वर जयाचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'माझ्या प्रयोगावर नागपूरची एक संस्था फिल्म काढत आहे.' त्याखाली माझे सगळे लेख, जसेच्या तसे. जिथे 'बाई' होतं तिथे आता 'जया' होतं. मंगलीचं वाक्यही शुद्ध करून घेतलं होतं: 'मॅडम, बाकी म्हणजे आजारी माणसाचा हिस्सा.' मी पासवर्ड टाकून पाहिला. उघडेना.

"मले वाटलं तुमाले मालूम असंल," अल्ताफ हळूच म्हणाला.

काळी-पिवळी जीपने परत आले. पाळीवर सगळं गाव जमलेलं. गावातले जुने ढिवर इस्तारीभाऊ ढिगांकडे पाठ करून उभे आणि जया नव्या साडीत, कॅमेऱ्यासमोर पुस्तकासारखं बोलत होती. "मुलांनो, उरलेल्या मासळीला आपण काय म्हणतो?"

माझ्या वर्गातली सीता ओरडली, "बाई आल्या!"

"या कोण?" कॅमेऱ्यामागच्या माणसाने विचारलं.

जया हसली. "या आमच्या सीनियर मॅडम. यांचंही सहकार्य असतं."

"सहकार्य?" इस्तारीभाऊ गर्रकन वळले. "हे वाटे शायेत नेले कोनं? बाईनंच तं मले बलावून पोरायले दाखवाले लावलं!"

"काका, तुम्ही पाठ करून उभे राहा ना. शॉट खराब होतो," कॅमेरावाला म्हणाला.

मी पुढे झाले. "माझं नाव प्रेमिला निकुरे. लिहून घ्या. ते लेख माझे आहेत."

"हो मॅडम," तो म्हणाला. "एडिटिंगच्या वेळी पाहू."

ती माणसं गेल्यावर जया माझ्या वर्गात आली. "बाई, तुमी मार्चात रिटायर. तुमाले आता नाव काय करा लागते? मले आरमोरीले बदली पायजे. नाव झालं तं होऊन जाते. पायलले तुमीच तं नात म्हनता."

"मागतलं असतं, जया."

"मागतलं असतं तं देलं असतं?"

मी उलट विचारलं, "मंग मीटिंगचं खोटं काऊन बोलली?"

ती साडीला चिकटलेले खवले नखाने काढत राहिली.

संक्रांतीच्या सुमारास फिल्मची सीडी आली. तीत मी नव्हते. इस्तारीभाऊंची पाठ होती.

मग मी अल्ताफकडून माझा ईमेल काढून घेतला आणि पूर्ण नावाने नवा ब्लॉग सुरू केला. आठवतील तसे सगळे लेख पुन्हा एका बोटाने टाइप केले. मंगलीचं वाक्य ती बोलली होती तसंच लिहिलं. काही दिवसांनी पहिलं उत्तर आलं: 'मॅडम, हे लेखन आम्ही जया मॅडमच्या ब्लॉगवर आधीच वाचलं आहे. दुसऱ्याचं उचलून स्वतःच्या नावावर टाकणं शिक्षकाला शोभत नाही.'

अल्ताफ मागून वाचत होता. "मी लिहितो, बाई. मी डोयानं पायलं हाय तुमाले टाइप करताना."

"तुह्यं कोन आयकंल, बाबा?"

मी खाली गावाचं नाव लिहिलं. सिंदेवाहीहून काळी-पिवळी मिळते, शाळेत या, मुलांना विचारा, असं लिहिलं.

मार्चपर्यंत रोज गाडीचा आवाज आला की माझा खडू थांबायचा. पलीकडच्या वर्गात जया पाढे म्हणवून घेत असायची. मुलं खिडकीशी धावत जायची आणि सांगायची, "नाई बाई, आपल्याच गावचे हायत."