मिठाचं काम

“कड जाड झालीय, सिस्टर,” सासरे चाकांच्या खुर्चीतून म्हणाले.

सिस्टरने लाटणं थांबवलं नाही. रात्रपाळी उरकून ती सकाळी घरी आली होती, तोंडावर पाणी मारलं होतं आणि तशीच मैदा मळायला उभी राहिली होती. पाय वॉर्डातल्या फेऱ्यांनी अजून ठणकत होते. नवरा म्हणाला होता, ताई येतेय तर पुरचुंड्या कर ना, बाबांनाही बरं वाटेल. सांगणाऱ्याचं काय जातं?

“मध्ये जाड, कडेला पातळ. उलटं केलंस तर वाफेत फुटतील.”

“माहितीये, बाबा.”

“माहितीये तर दिसत का नाही?”

अर्धांगवायूने सासऱ्यांचा उजवा हात गेला होता. जीभही जड झाली होती, पण टोमण्यांपुरती शाबूत होती. त्यांनी सगळा जन्म जहाजावर आचारी म्हणून काढला. पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरात ते डम्पलिंग आणि चिकट भात शिकून आले, आणि तेव्हापासून या घरात सुट्टीच्या दिवशी दुसरं काही शिजलं नाही. डम्पलिंग म्हणायला सासूबाईंची जीभ वळेना, म्हणून त्या पुरचुंड्या म्हणायच्या. सासूबाई गेल्या, शब्द तेवढा राहिला.

ती सून म्हणून घरात आली आणि सासऱ्यांच्या हाताखाली सगळं शिकली. कोबी चिरणं, खिमा कालवणं, पाऱ्या लाटणं, मुडपणं, सगळं हळूहळू तिच्याकडे आलं. सासऱ्यांनी एकच काम स्वतःकडे ठेवलं. कालवलेल्या सारणातलं चमचाभर तव्यावर परतून ते तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि मग चिमटीने मीठ घालायचे. मिठाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

आता त्यांना गिळताना ठसका लागायचा. डॉक्टरांनी गाळलेल्या दाटसर सूपवर ठेवलं होतं. मीठ वर्ज्य, आणि चिकट भाताचं तर नावच काढायचं नाही, घशात अडकला की संपलं. हे घरात सांगायचं आणि पाळून घ्यायचं काम सुनेच्या गळ्यात पडलं, आणि त्या दिवसापासून सासऱ्यांनी तिला सिस्टर म्हणायला सुरुवात केली. दवाखान्यात सगळेच तिला सिस्टर म्हणत, तिथे काही वाटत नसे. घरात मात्र ते फार लागायचं.

दुपारी नणंद आली. बांबूच्या करंडीचं झाकण उघडलं तशी वाफ खोलीभर पसरली, आणि सासऱ्यांची मान आपोआप टेबलाकडे वळली. नणंदेने ते पाहिलं.

“एक घास दे गं बाबांना. एका घासाने काय होणार आहे?”

“नको, ताई.”

“माझे बाबा आहेत ते.”

“म्हणूनच नको म्हणते.”

नवऱ्याने ताटात मान घातली. त्याला असल्या वेळी ताट फार कामाला येई.

“दगड आहेस अगदी,” नणंद पुटपुटली, पण ऐकू जाईल इतपत. सिस्टरने तिच्या ताटात पुरचुंड्या वाढल्या. चिडायलाही अंगात थोडा जीव लागतो.

नणंदेने पुरचुंडी सॉसमध्ये बुचकळून तोंडात टाकली. “बाबा, अगदी तुमच्या हातची चव!”

“तंतोतंत,” नवरा म्हणाला.

सासऱ्यांनी नुसती मान हलवली आणि चमचा सूपमध्ये ठेवून दिला. त्यांचा चेहरा पडलेला फक्त सिस्टरला दिसला. आपल्यावाचून आता काहीच अडत नाही, हे म्हाताऱ्याला भरल्या टेबलावर कळलं होतं, आणि तेही लाडाने सांगितल्यामुळे. तिला त्यांची फार दया आली.

“तू का उभी?” त्यांनी विचारलं.

“बसते ना, दुसरी करंडी चढवून.”

“रोज गारढोण खातेस. बस आधी. आणि खा, आणि मला सांग कशी झालीय. खरं सांग.”

ती बसली. सॉस न लावता तिने एक गरम पुरचुंडी फोडून खाल्ली. जिभेला काहीच लागेना. मग तिच्या लक्षात आलं. सारण कालवून झाल्यावर तिने भांडं सवयीने सासऱ्यांच्या बाजूला सरकवलं होतं, आणि थोड्या वेळाने, तितक्याच सवयीने, परत ओढून भरायला घेतलं होतं. मधलं काम कुणी केलंच नव्हतं. छान झालीय म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

“अळणी आहे, बाबा. मीठच नाही.”

“अगं, सॉस आहे ना!” नणंद म्हणाली.

“सॉसचं सोडा, ताई. मिठाचं काम बाबांचं. ते राहूनच गेलं.”

सासरे हसले. इतके, की हसता हसता ठसका लागला. सिस्टरने झटकन उठून त्यांना पुढे वाकवलं आणि खोकला थांबेपर्यंत धरून ठेवलं. नणंदेच्या हातातली पुरचुंडी हातातच राहिली.

“सारण उरलंय?” श्वास आल्यावर त्यांनी विचारलं.

“आहे अर्धं.”

“मग आण की.”

तिने भांडं त्यांच्या मांडीवर ठेवलं, मिठाची बरणी डाव्या हाताशी धरली. त्यांनी चिमूट घातली. तिने सारण ढवळलं, चमचाभर तव्यावर परतलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मिटलेले डोळे तिला उघडवेनात, इतकी झोप त्यांत साठली होती.

“अजून?”

“अजून थोडं.”

दुसरी चिमूट पडली. तिने पुन्हा परतून पाहिलं.

“आता, सूनबाई?”

“आता बरोबर आहे, बाबा.”

ती भांडं उचलून वळली. तव्यापलीकडच्या खिडकीच्या काचेत तिला दिसलं, सासऱ्यांनी बोटांना चिकटलेलं मीठ हळूच जिभेला लावलं. मीठ वर्ज्य होतं. सिस्टरने मान खाली घातली आणि पुढची पारी लाटायला घेतली.