न वाकणारी पाठ

"श्वास सोडा आणि वाका. जमेल तेवढंच हं," अनेलोत म्हणाली.

माझा नवरा, आमचा वीब्रेन, वाकला. म्हणजे खुब्यातून पुढे कलला. त्याचे मणके तिशीतच आजाराने एकमेकांना जुळून गेले. तेव्हापासून पाठ म्हणजे फळी. इस्पितळातल्या या संशोधक मुलीने त्या फळीवर वर एक, खाली एक असे दोन इवलेसे सेन्सर चिकटवले होते. यंत्राच्या पडद्यावर त्याची पाठ दाखवणारी हिरवी रेघ हलली आणि चक्क बाकदार झाली.

"बाउक्ये, बघ! वाकतेय गं!" वीब्रेन ओरडला. "अकरा अंश दाखवतंय!"

मी कॉफी ठेवून पडद्यापाशी धावले. वेडी आशा, दुसरं काय! आमच्या फ्रीसलंड प्रांतात हिवाळ्यात कालवा गोठला की पोरंटोरं, म्हातारे, सगळे पायांत स्केट बांधून, कमरेत वाकून, हात मागे घेऊन बर्फावर निघतात. वीब्रेन कालव्यावरचा पूल उघडायचं काम करतो. सगळं गाव त्याच्या खिडकीखालून जातं. आजारानंतर हा एकदाच बर्फावर उतरला, तर मित्रांनी नाव पाडलं, दिव्याचा खांब. हाही हसला. पण स्केट माळ्यावर टाकले ते टाकलेच.

अनेलोतचा चेहरा उतरला. "मी सकाळी सांगितलं होतं ना..."

सांगितलं होतं खरं. यानेच अर्ध्या कानाने ऐकलं. मग एक्स-रे काढले, एक ताठ उभा असताना, एक वाकलेला. दोन्हींत पाठीचा कणा तस्साच.

"ताणली ती कातडी," अनेलोत हळूच म्हणाली. "तिच्याबरोबर सेन्सर कलतात आणि यंत्राला वाटतं, कणाच वाकला. इतरांच्या पाठीत खरं किती, खोटं किती, कळत नाही. तुमच्या पाठीत दिसेल ते सगळं खोटं, म्हणजे यंत्राची चूक नेमकी मोजता येते. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मला त्या मेल्या यंत्राचा असा राग आला!

"आणि हे असंच वापरलं असतं तर?" वीब्रेनने विचारलं.

"तर पाठ आखडत चाललेल्या माणसालाही आम्ही म्हणालो असतो, छान वाकतेय, घरी जा."

"मलाही डॉक्टर असंच म्हणाले होते," वीब्रेन म्हणाला. "आजार कळेपर्यंत फार उशीर झाला."

मग त्याला हसू फुटलं. "म्हणजे आता माझी पाठ या खोटारड्याला वळण लावणार तर! चांगलं काम मिळालं की तिला."

अनेलोतने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले, पोरी. उलट मीच तुझे मानायचे. पण ती खोटी रेघ पुसायच्या आधी एकदा दाखव."

तिने दाखवली. ताठ रेघ सावकाश पुढे झुकली.

"बर्फावर असाच दिसलो असतो मी," तो म्हणाला. "पुरे. पूस आता."

कपडे घालून झाल्यावर त्याने नेहमीसारखा बूट पुढे केला. मी वाकून नाडी बांधायला लागले. आधाराला त्याचा हात माझ्या पाठीवर आला.

"काय मोजतोयस?" मी चिडवलं.

"ही खरोखर वाकतेय," तो म्हणाला. "रोज वाकते माझ्यासाठी. देवाची कृपा."

नाडीची गाठ बसली होती. त्याने हात उचलला नाही, आणि मीही तशीच वाकून राहिले.