रविवारचं एरंडेल

पितळेचं, तळहातावर मावणारं, एका अंगाला चिमणीसारखी चोच असलेलं एक बोंडलं म्हणजे मी. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तान्ह्या बाळाला चमच्याने दूध पाजायला गेलं की निम्मं गालावरून ओघळतं. म्हणून पूर्वी घरोघर बोंडलं असे. माझ्या पोटात जेमतेम चार चमचे मावतात. पण त्या चार-चार चमच्यांचं ओझं वाहून वाहून मी आता थकलो आहे. थकलेल्याचं बोलणं जरा ऐकून घ्या.

चिखलीच्या एका कासाराने मला पत्र्यातून ठोकून काढलं. चोच जुळवताना तो श्वास रोखून बसे, हे मला अजून आठवतं. आतून कल्हई केली, राखेने घासलं, आणि मी दुकानाच्या फळीवर सोन्यासारखा चमकू लागलो. तिथून मी धाड नावाच्या गावी गेलो आणि धाडहून बुलढाण्याला आलो ते अन्नपूर्णाबाईंच्या बैलगाडीत. त्या पहिल्या बाळंतपणाला धाडला माहेरी गेल्या होत्या. दोन महिन्यांची शरयू त्यांच्या मांडीवर होती आणि मी बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला होतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. अन्नपूर्णाबाईंचे यजमान वामनराव बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होते. काळा कोट, टोपी, बोटांना शाईचे डाग. नागपूरहून कागद आला की घरात मोठ्याने बोलायची सोय नसे. घराचा कारभार मात्र त्यांच्या आईच्या, सुभद्राबाईंच्या, हाती होता.

माझे सुखाचे दिवस शरयूच्या तान्हेपणीचे. डोळे मिटलेले असले तरी तिचे ओठ माझी चोच शोधत यायचे. दूध संपलं की ती मला सोडत नसे. "बोंडलं मोठं गुणाचं आहे," असं सुभद्राबाई शेजारणींना सांगत. त्या कौतुकावर मी बरीच वर्षं जगलो.

पुढे शरयूला दात आले, ती वाटीने पिऊ लागली. मला वाटलं, आपण आता फडताळात जाणार. पण सुभद्राबाईंनी माझ्यासाठी दुसरं काम काढलं. रविवारी कचेरीलाही सुट्टी, शाळेलाही सुट्टी. तो दिवस एरंडेलाचा. आठवड्यातून एकदा पोट धुऊन काढलं की घरात दुखणं शिरत नाही, असा त्यांचा ठाम समज होता. सकाळी एरंडेल कोमट करायचं, मला त्याने भरायचं, आणि शरयूला मांडीत घ्यायचं. ती दातावर दात घट्ट दाबून धरी. मग तिचं नाक चिमटीत पकडून ओठांच्या कोपऱ्यातून माझी चोच आत सारायची. वर लिंबाची फोड. माझ्या आतल्या कल्हईला त्या तेलाचा वास जो लागला, तो चिंचेने घासूनही कधी गेला नाही.

शरयू नऊ वर्षांची झाली तेव्हा घरात तिच्या पोटाशिवाय दुसरा विषय उरला नव्हता. चार-चार दिवस तिला शौचाला होत नसे. पोट दगडासारखं घट्ट, तोंडाला चव नाही, डोळ्यांखाली काळं. रविवारी एरंडेल दिलं की दिवसभर परसाकडे खेपा घालून सोमवारी ती अंथरुणाला खिळायची. मंगळवारपासून पुन्हा पोट बांधलं जायचं. मग बुधवारीही मला कोनाड्यातून खाली काढू लागले. एकदा शाळेत प्रार्थनेला उभी असतानाच ती कोसळली. बाई तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या.

त्या संध्याकाळी वामनराव म्हणाले, "संक्रांतीपर्यंत पाहू. नाही सुधारली तर शाळेतून नाव काढून टाकू. एवढ्याशा जिवाला हे झेपायचं नाही."

शरयूने पाटी फडक्याने पुसून भिंतीला टेकवून ठेवली. पुसायला तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मित्रांनो, त्या घरात खायला कमी होतं असं समजू नका. भात होता, तूप होतं, दोनदा चाळलेल्या कणकेची पांढरीशुभ्र पोळी होती, बटाट्याची भाजी होती. नव्हता तो फक्त पाला. सुभद्राबाईंच्या स्वयंपाकघरात पालेभाजी शिरत नसे. कुणी विचारलं तर त्या एवढंच म्हणत, "आमच्यात चालत नाही."

खालच्या वाडीहून झुंबरबाई डोक्यावर टोपली घेऊन यायची. या घरात ती बटाटे, वांगी द्यायची आणि टोपलीतला हिरवा भाग झाकलेलाच ठेवायची. एका सकाळी तिने ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली शरयू पाहिली.

"बाई, पोरगी काऊन अशी सुकून राह्यली?"

"पोट साफ होत नाही गं तिचं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "रविवारी एरंडेल देतो."

"मंग सोमवारी?"

"सोमवारी गळून जाते."

"अन मंगळवारी?"

"पुन्हा तेच."

झुंबरबाईने वांगी तोलता तोलता मान हलवली. "म्हंजे इहीर रोज उपसता, अन झरा बुजवून ठेवला. तिले खायाले काय देता?"

अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं.

"चाळलेला कोंडा कोणाले?"

"गाईला."

"भाजीचे देठ, सालं?"

"तीही गाईलाच."

"अन एरंडी लेकराले," झुंबरबाई म्हणाली. "मंग या घरात गायच बरी राहीन, बाई. तिचं शेण पाहा अन सांगा मले."

अन्नपूर्णाबाईंना हसू आलं. पदर तोंडाशी नेईपर्यंत आतून आवाज आला, "झुंबर, तू भाजी विक. वैद्यकी नको करू."

"नाई करत, मोठ्या बाई. माह्या सात लेकरायले एरंडी पाजाले मले सवडच नाई भेटली. पाला-भाकर खाऊन वाढले मेले."

"त्यांची पोटं निराळी."

"पोट तं पोटच हाय. त्याले काय ठाऊक, आपण कचेरीवाल्याच्या घरात हाओ म्हणून."

झुंबरबाईने जाताना चाकवताची एक जुडी वांग्यांखाली सारली.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई देवळात गेलेल्या पाहून अन्नपूर्णाबाईंनी तो चाकवत शिजवला, घोटला, गाळला, मीठ-जिरं घातलं. शरयू काही खात नव्हती, तेव्हा निदान हे पाणी तरी पोटात जावं, म्हणून त्यांनी ते माझ्यात ओतलं. इतक्या वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी चांगलं आलं. मी मनातून फार सुखावलो. मला वाटलं, आज हे लेकरू पुन्हा माझी चोच शोधेल.

शरयूने मला पाहिलं आणि दातावर दात दाबले. अन्नपूर्णाबाई समजावत राहिल्या, "अगं, ते नाही हे. हुंगून तरी बघ." तिने हुंगलं. चाकवताचा नाही, माझाच वास तिला आला असणार. तिने मान फिरवली आणि ते कोमट पाणी सारवलेल्या जमिनीवर सांडलं.

तो दिवस मी विसरलो नाही. माझ्याकडून आलेलं चांगलंही तिला नको होतं. आणि चूक तिची नव्हती.

माझ्या कोनाड्यातून मागचं दार दिसे आणि दारातून गोठ्याचा एक तुकडा. चार दिवसांनी झुंबरबाईने गाईला म्हणून हरभऱ्याच्या शेंड्यांची पेंढी टाकली. शरयू गाईपुढे बसून एकेक डहाळी तिला भरवत होती. गाय डोळे अर्धवट मिटून सावकाश चघळत होती. बराच वेळ पोरीने तिच्याकडे पाहिलं, मग एक कोवळा शेंडा खुडून स्वतःच्या तोंडात टाकला. हरभऱ्याचा पाला आंबट असतो. तिचा एक डोळा बारीक झाला. मग दुसरा शेंडा. मग तिसरा.

अन्नपूर्णाबाई दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी त्यातलाच मूठभर पाला निवडून धुतला, लसणाची फोडणी दिली, न चाळलेल्या ज्वारीच्या पिठाची एक लहानशी भाकरी थापली, आणि सासूबाई पूजेला बसल्या असताना ती मागच्या पायरीवर शरयूला दिली. "चावून खा. वर पाणी पी," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी शरयूने स्वतःहून विचारलं, "आई, आज तो आंबट पाला आहे का?" कधी मुळ्याचा पाला, कधी मेथी, कधी ताकातला चाकवत. एकदम काही पालटलं नाही. पहिले दोन दिवस पोट गुरगुरलं. पण बुधवारी कोनाड्याकडे कुणाचा हात आला नाही. मी वाट पाहत होतो आणि तो आला नाही, याचं मला बरं वाटत होतं.

संक्रांतीच्या आधीचा रविवार आला. सुभद्राबाईंनी मला खाली काढलं, काठोकाठ भरलं आणि हाक मारली, "शरू, ये."

शरयू आली. तिने दात दाबलेले नव्हते. "आजी, मला सकाळी झालं," ती म्हणाली. "काल पण झालं. आपोआप."

सुभद्राबाईंचा हात थांबला. त्यांनी नातीचं पोट चाचपलं. ते मऊ होतं. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"काय देतेस तिला?"

"हरभऱ्याचा पाला, आत्याबाई. आणि भाकरी."

"पाला," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला वाटलं आता मोठं वादळ उठणार. पण त्या भिंतीला टेकून बसल्या. मला त्यांनी हातातच धरून ठेवलं होतं.

"संवत छप्पन्नच्या दुष्काळात मी हिच्याएवढी होते," त्या म्हणाल्या. "रानातल्या तरोट्याचा पाला उकडून खायचो. सकाळी तरोटा, संध्याकाळी तरोटा. माझी धाकटी बहीण, गया, तोंडात पाल्याचा घास असतानाच गेली. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात पोराच्या ताटात पाला पडणार नाही."

वामनराव पंचाला हात पुसता पुसता दारात थांबले होते. अन्नपूर्णाबाईंनी सासूपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, गयामावशींना पाल्याने नाही नेलं. पाल्यासोबत भाकरी नव्हती, म्हणून त्या गेल्या. शरूच्या ताटात भाकरी आहे."

सुभद्राबाई उठल्या, माझ्यातलं एरंडेल त्यांनी ओसरीवरच्या दिव्यात ओतलं आणि मला धुऊन कोनाड्यात पालथं ठेवलं.

"झुंबरला सांग," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्यापासून जुडी जरा मोठी आण म्हणावं. माझं पोट काय बरं आहे होय गं? वीस वर्षं मीही तेच तेल पिते आहे."

संक्रांत झाली. शरयूचं नाव शाळेच्या पटावर राहिलं.

त्यानंतर मला फारसं कुणी हात लावला नाही. अधूनमधून एखाद्या तान्ह्याला दूध पाजायला काढलं, पुन्हा ठेवलं. पितळेवर हिरवा थर चढला. कल्हई कुठे कुठे उडाली. इतर भांडी आपल्याला घासत नाहीत म्हणून कुढतात. मी कुढलो नाही. दमलेल्याला निवांत पडू द्यावं, एवढंच त्याचं मागणं असतं.

तुमच्याजवळही, मित्रांनो, माझं तेच मागणं आहे. मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. ताटातली हिरवी भाजी बाजूला सारू नका. कोंडा सगळाच गाईला देऊ नका, तिला पुष्कळ मिळतं. सावकाश चावा, पाणी प्या, आणि पोटाला त्याचं काम त्याच्या चालीने करू द्या. मारून मुटकून करून घेतलेलं काम कसं होतं, ते मी माझ्या चोचीने पाहिलं आहे.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी शरयू भाकरीचा शेवटचा तुकडा चघळत पाटी घेऊन निघाली होती. घंटा वाजायला आली होती आणि ती पळत होती. सुभद्राबाई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आधी गिळ तरी. शाळा कुठे जात नाही." पोरीने मागे वळून मान डोलावली, घास नीट चावून संपवला, आणि मग धावत सुटली. अंगात बळ असल्यावर मुलं जशी धावतात, तशी.